मदत हवी आहे: कोविडकाळातलं सरकारी हमीचं कर्ज फिटलं, मिळकतीवरचा बोजा कसा उतरवायचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ऑर्डरी बंद पडल्या तेव्हा केंद्राच्या ईसीएलजीएस (धंद्यांना सरकारी हमीवर तातडीचं कर्ज देणाऱ्या) योजनेनं आम्हाला खरोखर तारलं. 29 फेब्रुवारी 2020 ला फेडायचं बाकी असलेल्या कर्जाच्या 20 टक्के जादा कर्ज, शंभर टक्के सरकारी हमी, बँकेचं व्याज जास्तीत जास्त 9.25 टक्के. आमचं बाकी कर्ज 1 कोटी 40 लाख होतं, म्हणून 28 लाख मिळाले. पहिलं वर्ष फक्त व्याज, पुढे 36 हप्ते. त्या पैशातून सात कामगारांचे पगार निघाले, एकालाही घरी बसवावं लागलं नाही.

ऑगस्ट 2024 ला शेवटचा हप्ता भरला. पण शेडवर या कर्जासाठी (मूळ कर्जाच्या बोजानंतर) चढवलेला दुसरा बोजा अजून तसाच आहे. शाखेत विचारलं की "वरून पत्र आल्याशिवाय उतरत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. नवीन सीएनसीसाठी (संगणकावर चालणाऱ्या मशीनसाठी) दुसऱ्या बँकेत गेलो, तर ते आधी हा बोजा काढा म्हणतात.

पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत कागदपत्रं परत करून बोजा उतरवावा, नाहीतर दिवसाला 5000 रुपये भरपाई, असा वैयक्तिक कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. पण आमचं कर्ज धंद्याचं, शिवाय मूळ कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) त्याच बँकेत चालू आहे, मग हा नियम आम्हाला लागू होतो का? कुणी यातून गेलं असेल तर अर्ज कुणाकडे, कोणत्या कागदांसह केला ते कृपया सांगा. वडिलांना याची फार काळजी लागली आहे.