शब्दचर्चा: 'लाइव्ह लूपिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

झोई कीटिंग या चेलोवादिकेवर (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, पायांत धरून गजाने वाजवायचं मोठं वाद्य) दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. बाईंचा जन्म १९७२ चा, कॅनडातल्या ग्वेल्फचा. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने चेलो शिकल्या, पण मंचाच्या भीतीने ग्रासलं. लिहिलेलं वाजवण्यापेक्षा सुचेल ते वाजवताना ही भीती सैल पडते, हे त्यांना उमगलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत सॉफ्टवेअरची नोकरी करता करता त्यांनी आपली पद्धत घडवली. सुरांचा एक तुकडा वाजवायचा, पायाने पेडल दाबून तो संगणकात पकडायचा. तो फिरत राहतो. त्यावर दुसरा, मग तिसरा. एकटी बाई बसलेली असते आणि कानावर चेलोंचा अख्खा ताफा येतो. २००४ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचं नावच 'एक चेलो गुणिले सोळा' अशा अर्थाचं आहे.

'लाइव्ह लूपिंग'साठी मी 'थेट पुनरावर्तन' लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर क्रिकेटचा रिप्ले आठवला. 'इम्प्रोव्हायझेशन'ला 'उत्स्फूर्त वादन' लिहिलं, तेही पटत नाही. काय लिहू?

प्रतिसाद

ताई, 'लूप' मराठीला नवा नाही. रेल्वेची लूप लाइन आहे. १९६५ नंतर कुटुंबनियोजनात 'लूप बसवला' हे शब्द गावोगावी ऐकू येत होते. हल्ली ऑफिसात 'मला लूपमध्ये ठेवा' म्हणतात. त्यामुळे शब्द ठेवायला हरकत नाही, पण संगीतातला लूप कुठून आला हे वाचकाला सांगा. चुंबकीय फितीचा तुकडा कापून त्याची दोन टोकं चिकटवली की वेढा तयार होतो आणि यंत्रावर तोच आवाज फिरत राहतो. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये असे दोन सारखेच वेढे एकत्र सुरू केले आणि ते हळूहळू एकमेकांपासून सरकू दिले. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी तबकडीवरची खाच स्वतःतच बंद करून पाहिली होती. आपण 'रेकॉर्ड अडकली' म्हणून सुई उचलतो. त्यांनी ती मुद्दाम अडकवली.

मी पेटी वाजवतो, त्यामुळे मला पहिल्यांदा सुचतो तो लेहरा. स्वतंत्र तबलावादनाला पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी धून धरतात. तीनतालात सोळा मात्रांची, पुन्हा पुन्हा तीच. तबलजी तिच्यावर कायदे, रेले, तुकडे मांडतो आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, येऊन मिळतो. लूपचं काम बरंचसं हेच आहे. क्रियापद तर तयारच आहे: लेहरा 'धरतात'. धरणाऱ्याने आपलं काही दाखवायचं नसतं, तासभर इमानाने तेच वाजवायचं असतं. हे काम किती अवघड आहे ते केल्याशिवाय कळत नाही.

'आवर्तन' मात्र वापरू नका. आवर्तन हे कालाचं माप आहे, त्यात आपण काय भरतो ते दर वेळी वेगळं असू शकतं. लूपमध्ये भरलेलं तेच परत येतं. 'सम' हा शब्द नक्की घ्या. पेडल नेमकं समेवर दाबावं लागतं. जरा उशीर झाला की ती अडखळ त्या तुकड्यातच बसते आणि दर फेरीला हजेरी लावते.

प्रतिसाद

लेहऱ्याचा मुद्दा पटला, पण एक गाठ सुटत नाही. लेहरा दुसरा माणूस धरतो आणि तो आधी ठरलेला असतो. इथे बाई स्वतःच वाजवतात, आत्ता वाजवलेलंच मागे फिरू लागतं. यासाठी माझ्या मते शब्द आहे: झील.

माझे आजोबा शाहिरांच्या मागे उभे राहायचे. शाहीर डफावर थाप मारून चौक गातो. ओळ संपते तिथे झीलकरी तिचं शेपूट उचलतात आणि 'जी जी रं जी जी' करत सूर लांबवतात. तुणतुणं चालूच असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही साथ आहे. आजोबा म्हणायचे, ही शाहिराची विश्रांती आहे. तेवढ्यात तो श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो, समोरच्या फडाने सवाल टाकला असेल तर जवाब शोधतो. झील तुटली तर शाहीर उघडा पडतो.

कीटिंगबाईंचं तसंच नाही का? दोन हात, एक गज. खर्जातला तुकडा मागे फिरू लागला की हात मोकळे होतात आणि वरच्या सप्तकात काय करायचं याचा विचार करायला जागा मिळते. शाहिराच्या सुराचंच शेपूट मागून परत येतं, तसा त्यांचाच सूर परत येतो. म्हणून 'स्वतःच स्वतःची झील धरणं' असं लिहा. सातारा-सांगलीकडच्या वाचकाला लगेच चित्र दिसेल.

प्रतिसाद (पेटीवाला पुन्हा)

झील सुंदर आहे. मला सुचायला हवा होता. तरी एक शंका मांडतो. झीलकरी ऐकतो. शाहीर चढला की तो चढतो, शाहीर थकला की जरा जास्त ओढतो. लेहरा धरतानाही मी तबलजीच्या मानेकडे बघत असतो, लय वाढवायची की नाही ते तिथे कळतं. यंत्र बघत नाही. म्हणून यंत्राच्या कृतीला 'लूप' आणि त्यातून मागे उभ्या राहणाऱ्या सुरांना 'झील', अशी वाटणी करावी असं वाटतं.

न ऐकणाऱ्या साथीलाही युरोपात जुनी परंपरा आहे, तीही लेखात येऊ द्या. खर्जातली तीच ओळ फिरत ठेवायची रीत सतराव्या शतकात तिकडे जोरात होती. इटालियनमध्ये तिला 'ओस्तिनातो' म्हणतात, म्हणजे हट्टी. जर्मन संगीतकार पाखेलबेलच्या 'कॅनन' या प्रसिद्ध रचनेत खालचा वादक आठ स्वर अठ्ठावीस वेळा वाजवतो. १६५९ मध्ये इंग्लंडच्या क्रिस्टोफर सिम्पसन यांनी व्हायलवादकांसाठी पुस्तक लिहिलं: एकाने खालची ओळ धरायची, दुसऱ्याने तीच ओळ समोर ठेवून तिच्यावर जागच्या जागी विस्तार करत जायचं. व्हायल म्हणजे चेलोसारखंच पायांत धरून गजाने वाजवायचं वाद्य. तेव्हा चेलोवादिकेने हट्टी ओळीवर विस्तार करणं ही घरचीच विद्या आहे, मधल्या दोनेकशे वर्षांत ती बरीच मागे पडली एवढंच.

यातूनच तुमच्या दुसऱ्या शब्दाचं उत्तर निघतं. 'उत्स्फूर्त' म्हटलं की पूर्वतयारी नाही असा अर्थ चिकटतो. आपल्याकडे ख्यालात 'उपज' म्हणतात आणि 'बढत' म्हणतात. उपज म्हणजे चौकटीतून उगवलेलं, बढत म्हणजे क्रमाने वाढवत नेलेलं. दोन्हींमागे वर्षांची तालीम गृहीत आहे. कीटिंग यांच्या रचना उपजेतून जन्मतात, पण मंचावर बराचसा आराखडा ठरलेला असतो. कोणता थर केव्हा चढवायचा, केव्हा उतरवायचा हे संगणकात आधी मांडावं लागतं. म्हणून 'उपज' बसतो, 'उत्स्फूर्त' बसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कालपासून वाक्य घोळवते आहे. आता असं झालं आहे:

'त्या खर्जातला एक तुकडा वाजवतात, समेवर पेडल दाबतात आणि तो लूप होऊन फिरू लागतो. एकावर एक थर चढतात. थोड्या वेळाने मागे त्यांच्याच सुरांची झील उभी राहते आणि तिच्या भरवशावर त्या उपज मांडू लागतात.'

'चेलो' शब्दाबद्दलही एक गोष्ट सापडली. मोठ्या खर्जाच्या वाद्याला इटालियनमध्ये 'व्हिओलोने'. त्याचं धाकटं रूप 'व्हिओलोनचेलो'. बोलता बोलता पुढचं सगळं गळालं आणि 'छोटं' सांगणारा प्रत्यय तेवढा उरला. 'घरकुल'मधलं घर जावं आणि 'कुल' राहावं, तसं.

'पेडल'ला 'पायकळ' करावं का?

प्रतिसाद

नको. पेडलच राहू दे. सायकलीपासून सगळ्यांच्या ओळखीचा शब्द आहे. शिवाय संगीत नाटकाच्या ऑर्गनला आपल्याकडे 'पायपेटी' म्हणतातच. तिथे पाय भाता मारतात आणि हात गाणं धरतात. लेखात तिचा एक उल्लेख केलात तर नाटकं पाहिलेल्या वाचकाला पायाने वाजवण्याचं नवल वाटणार नाही.