२५८ बीएचपी घेऊ का बाबांचा मणका सांभाळू? (लक्झरी सेडान, बजेट ७५ लाख ऑनरोड, केए-२२ पासिंग)

उद्यमबाग_लेथ :
नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहायलोय. बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, घर टिळकवाडीत. घरची डिझेल सेडान १२ वर्षांची झाली, २ लाख ३० हजार किमी पळालीय, इंजिन अजून खणखणीत पण सस्पेन्शनचा पार खुळखुळा झालाय. यंदा मनावर घेतलंय की आयुष्यात एकदा तरी चांगली लक्झरी सेडान घ्यायची. मोठ्या गाड्यांचा जीएसटी सेस धरून ४८ टक्के होता तो ४० झाला तेव्हापासनं डोक्यात किडा वळवळतोय तो गप बसेना. बजेट ऑनरोड ७५ लाखापर्यंत ताणता येईल, त्यापुढं गेलो तर बायको माहेरी जाईल.

वापर असा की महिन्यातनं दोन खेपा पुणे, एका बाजूला ३४० किमी, दोन-तीन महिन्यांतनं एकदा चोर्ला घाटातनं गोवा, आणि रोजचं म्हणजे दुसऱ्या रेल्वे गेटला उभं राहून मालगाडीचे डबे मोजणं. गाडी मीच चालवतो. मागं बाबा असतात, वय ७४, आयुष्यभर लेथपुढं उभं राहून मणक्यात गॅप आलीय आणि पुण्याला डॉक्टरकडं त्यांनाच न्यायचं असतं.

आता घोळ. मला मनापासनं आवडलीय बीएमडब्ल्यू ३३०एलआय. ताकद २५८ बीएचपी म्हणजे तेवढे घोडे, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर ४०० एनएम, शून्य ते शंभर ६.२ सेकंदात. दुसरी मर्सिडीज सी २२०डी, २०० बीएचपी पण टॉर्क ४४०. तिसरी टोयोटा कॅम्री हायब्रिड, ती मेव्हण्यानं सुचवली आणि ऐकूनच माझं तोंड वाकडं झालं. तीपण २३० पीएस (घोड्यांचंच जरा वेगळं माप) देते हे मान्य, पण तिच्याकडं बघून पोटात काही हलत नाही हो. बाबांना विचारलं तर म्हणाले, आत बसल्यावर घोडे दिसतात का?

तर जाणकारांनो, हे जास्तीचे पन्नास-साठ घोडे आपल्या रस्त्यावर खरंच कधी उपयोगाला येतात का? का मी नुसता आकड्यावर भाळलोय?

निपाणी_ऊसवाला :
भावा एचपीचं आम्हा शेतकऱ्यांना विचार की. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, त्यामुळं इकडं माणसाला पोराचं वय एकवेळ आठवणार नाही पण मोटरीचा एचपी पाठ. तर हिशोब ऐक. सपाट रस्त्यावर सेडान १०० नं एकसारखी पळवायला वारा कापायचा आणि टायरचं घर्षण मारायचं, एवढ्याला लागतात फार तर २०-२५ एचपी. म्हणजे १० एचपीच्या दोन मोटरी नि थोडं वर. तुझे बाकीचे सव्वादोनशे घोडे बॉनेटखाली कडबा खात उभे. आणि चौपदरीवर कारला १०० ची मर्यादा, त्यापुढं कॅमेऱ्यात सापडलास की मेसेज घरी.

आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर सीझनला दोन ट्रॉल्या ऊस ओढत कारखान्याला जातोय. ते घोड्यांवर नव्हं, टॉर्कवर आणि गिअरवर. एचपी म्हणजे शेवटी टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), इंजिन जोरात फिरवलं की आकडा फुगतोय. तुझा २५८ चा आकडा ५००० आरपीएमच्या वर मिळणार, तिथवर काटा रोज कोण नेतंय? डिझेलचा ४४० एनएम १८०० लाच हातात येतोय, पाय नुसता ठेवला की गाडी सरकली. मी असतो तर डोळे झाकून २२०डी.

चोर्ला_रातराणी :
ऊसवाले दादा, हिशोब बरोबर हाय पण अर्धाच सांगितलात. १०० नं *पळायला* २० एचपी लागतात हे खरं, पण ६० वरनं १०० ला *जायला* किती वेळ लागतो ते बोला की. तुमच्याच दोन ट्रॉल्या २० च्या स्पीडनं चिकोडी-रायबाग रोडला पुढं चाललेत, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, समोरनं सरकारी बस येतेय, तिथं ओव्हरटेक मारायचाय. ८० नं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोरचापण ८० नं येत असेल तर दोघांतलं ४४ मीटर अंतर एका सेकंदात संपलं. जास्त पॉवरच्या गाडीनं ओव्हरटेकमधला एक सेकंद जरी वाचला तरी त्या ४४ मीटरची किंमत कळायला एकदा पांढरं व्हायला लागतं. मी झालोय. कणकुंबीच्या अलीकडं, पावसात, जुन्या ८८ बीएचपीच्या गाडीत चौघं बसलेलो, पाय पूर्ण दाबलाय आणि गाडी म्हणतेय थांब जरा विचार करते.

त्यामुळं पॉवर म्हणजे पोरखेळ असं सरसकट म्हणू नका. पॉवर कमी पडली की ड्रायव्हरचा जीव वर-खाली, मग मागं बसलेल्याला कसला आलाय कम्फर्ट. पण हेपण सांगतो, २०० च्या पुढं गेलं की हा फरक बारीक होत जातो. ८८ वरनं २०० म्हणजे जमीन-अस्मान. २०० वरनं २५८ म्हणजे, कसं सांगू, चहात साखर होतीच, अजून अर्धा चमचा.

उद्यमबाग_लेथ :
@चोर्ला_रातराणी तो अर्धा चमचाच मला पाहिजेय ओ 😅

खानापूर_टायरवाला :
सगळे इंजिनातच अडकलेत. आमचं टायरचं दुकान हाय, जांबोटीकडनं येणाऱ्या भारी गाड्या आमच्याकडंच येऊन टेकतात, विशेषतः जुलै-ऑगस्टमधे. मी जे बघतोय ते लिहितो.

बाबांच्या मणक्याला बीएचपी नाही लागत, टायर लागतो. गाडीत खड्ड्याचा पहिला दणका झेलणारी वस्तू म्हणजे टायरची साइडवॉल, रिम आणि रस्ता यांच्या मधली रबराची भिंत. टायरवर लिहिलेलं असतं ते वाचायला शिका. २२५/५० आर१७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉल तिच्या ५० टक्के, म्हणजे ११२ मिलिमीटर. तेच २२५/४५ आर१८ घेतला तर १०१. आणि २२५/४० आर१९ घेतला तर ९०. बाहेरनं चाक जवळपास तेवढंच दिसतंय, रिम मोठं, चकचकीत, फोटोला मस्त, पण दणका खाणारं रबर २२ मिलिमीटर कमी झालं. आता होतं काय, की बरेचदा जास्त पॉवरचं मॉडेल घेतलं की त्याच्याबरोबर स्पोर्ट पॅकेज येतं, म्हणजे मोठं रिम, थोडी खाली बसलेली गाडी, कडक स्प्रिंग. म्हणजे तुम्ही पैसे घोड्यांचे भरले आणि घरी दणकेपण घेऊन आला, वेगळे मागायची गरज नाही.

त्यात रनफ्लॅट टायर असेल तर अजून वेगळं. पंक्चर झालं तरी ८० च्या स्पीडनं ८० एक किलोमीटर जाता येतं, त्यासाठी साइडवॉल मुद्दाम जाड कडक केलेली असते. हवा नसताना गाडीचं वजन तोलणारी भिंत हवा असताना मऊ कशी असेल? फायदा हाय, रात्री चोर्ल्यात बायका-पोरांना घेऊन जॅक लावायची वेळ येत नाही. पण त्या भरवशावर बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच देत नाहीत. गेल्या पावसात एक साहेब आले, गाडीचं नाव नको, खड्ड्यात जाऊन टायरला फुगा आलेला आणि रिम वाकलेलं. तो साइज आमच्याकडं नाही, बेळगावात नाही, शेवटी टायर येईपर्यंत गाडी चार दिवस आमच्या दारात, वर प्लास्टिक टाकून.

मोडबद्दल पण लिहितो. कम्फर्ट मोड, स्पोर्ट मोड बटन असतं ना, त्यानं प्रत्येक गाडीत शॉकअप मऊ होत नाही. अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे शॉकअप मऊ-कडक करता येणारं, असेल तरच शॉकअपवर परिणाम. नाहीतर बटन दाबून नुसतं स्टिअरिंग, गिअर आणि अॅक्सिलरेटरचा स्वभाव बदलतोय, सेल्समन मात्र असं सांगतोय जणू खालचा रस्ता बदलला. शोरूममधे पहिला प्रश्न हाच विचारा.

एमएच०९_जावई :
टॅक्सचं कुणी बोललंच नाही. कर्नाटकात २० लाखाच्या वरच्या गाडीला १८ टक्के लाइफटाइम टॅक्स आणि त्याच्यावर सेस वेगळा, महाराष्ट्रात पेट्रोलला १३. सासुरवाडी कोल्हापूरला असेल तर तिकडचं पासिंग...

निपाणी_ऊसवाला :
जावईबापू, असलं इथं शिकवू नका. गाडी कायम बेळगावात ठेवणार असाल तर १२ महिन्यांत इकडं रजिस्टर करायला लागते आणि टॅक्सपण इकडं भरायला लागतोय. आरटीओवाला नाक्यावर एमएच बघून हात करतोच. सीमाप्रश्न गाडीच्या नंबरप्लेटवर नको.

शहापूर_खडेबाजार_ताई :
सगळे पुरुष पुढच्या सीटवरनं बोलताय म्हणून मी मागच्या सीटवरनं लिहिते. आमच्याकडे तीन वर्षं जर्मन सेडान आहे, मी चालवतेही आणि सासूबाईंबरोबर मागे बसतेही. माझं स्पष्ट मत, की गाडीचा कम्फर्ट दार उघडल्यावर मोजायला सुरुवात होते. या गाड्या खाली असतात. सासूबाई आधी सीटवर टेकतात, मग एकेक पाय आत घेतात, त्यात नऊवारी, आणि उतरताना तर कुणीतरी हात द्यावाच लागतो. मणक्यात गॅप असलेल्या माणसाला खड्ड्याइतकाच त्रास त्या खाली वाकून आत शिरण्याचा होतो. ब्रोशरमधे हे कुठे लिहिलेलं नसतं.

दुसरं, व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. ३३०एलआयचा २९६१ मिलिमीटर, सी-क्लासचा २८६५, कॅम्रीचा २८२५. लांब व्हीलबेसमुळे पाय पसरायला जागा तर मिळतेच, पण हायवेवर उंचवटा आला की गाडी पुढे-मागे कमी डोलते. म्हणजे उद्यमबागवाले दादा, तुमची आवडती गाडी या बाबतीत पुढे आहे, उगाच तिला फक्त पॉवरवाली म्हणून बदनाम करू नका. आणि कॅम्रीला नाक मुरडण्याआधी बाबांना एकदा मागे बसवा, तिची मागची सीट बटनावर रेलते. लांबच्या प्रवासात पाठीचा कोन मधेमधे बदलता येणं हे फार मोठं सुख आहे, हे मणका दुखणाऱ्यालाच कळतं.

आणि टेस्ट ड्राइव्हला तुम्ही चालवू नका. ड्राइव्हर शोरूमचा, पुढे बाबा नकोत, बाबा मागे, तुम्ही त्यांच्या शेजारी. आमचा जुना ड्राइव्हर कानडी होता, सासूबाई मराठीतनं सावकाश म्हणायच्या, तो कानडीतनं सावकाश म्हणायचा, दोघांचा शब्द एकच आणि गाडी मात्र नव्वदनं. तेव्हा कळलं की मागच्या माणसाला स्पीडचा त्रास होतच नव्हता, त्याच्या ब्रेक मारण्याचा होत होता. जोरदार पिकअपच्या गाडीत हात कच्चा असेल तर दर सिग्नलला मागच्याची मान पुढे-मागे.

चोर्ला_रातराणी :
ताई एक नंबर. हे ब्रेकचं कुणी सांगतच नाही.

उद्यमबाग_लेथ :
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. तिन्ही टेस्ट ड्राइव्ह झाल्या. कुठली गाडी कशी ते नाव घेऊन लिहीत नाही, नाहीतर इथं ब्रँडवाल्यांची कुस्ती लागेल.

ताईंचं ऐकलं, बाबांच्या शेजारी मागं बसलो. शोरूमवाला म्हणायला लागला, सर हायवेला घेऊ, मस्त पळते. मी म्हटलं हायवे नको, आधी गावातला खराब रस्ता दाखव. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. पहिल्या गाडीत गुळगुळीत पट्ट्यावर त्यानं पाय दाबला तसं पाठ सीटला चिकटली आणि मी खरंच मोठ्यानं हसलो, त्याला काय करणार, आवडतं ते आवडतं. पण डांबर उखडलेला भाग आला तसा बाबांनी वरचं हँडल धरलं ते शोरूम येईपर्यंत सोडलं नाही. काही बोलले नाहीत. दुसऱ्या गाडीत गप्प होते, पिकअप मला पुरेसं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण उतरताना माझा खांदा धरायला लागला. तिसरीत बसल्यावर त्यांनी बटन शोधलं, सीट मागं केली आणि विचारलं, ही कुणाची म्हणालास?

मी घरी येऊन टायरवाल्यांचा ११२ आणि ९० चा हिशोब बाबांना सांगितला, म्हटलं यांना कंटाळा येईल. कसला कंटाळा! दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले चल परत. शोरूममधे जाऊन प्रत्येक गाडीच्या टायरपाशी काठी टेकून वाकले, मला म्हणाले वाकायला त्रास होत नाही, उठायला होतो. बोटं लावून साइडवॉल मोजली, एकीला सहा बोटं, एकीला पाच, आणि पहिल्या गाडीपाशी सेल्समनला बोलावून विचारलं, की रिम एक इंच लहान घातलं तर आतल्या ब्रेक कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला) घासतंय का, क्लिअरन्स किती राहतोय.

पोरगं बिचारं घोडे सांगायला आलं होतं. मॅनेजरला फोन लावला, मॅनेजरनं अजून कुणाला तरी लावला, शेवटी म्हणाले उद्या सांगतो सर. आज चौथा दिवस, आणि बाबा सकाळी चहा घेता घेता पहिलं हेच विचारतात, आला का फोन?