कायमचा परवाना घेतलेलं सॉफ्टवेअर पुढे विकता यायला हवं की नको?

टीस्क्वेअर:
एकरकमी पैसे भरून, मुदत नसलेला परवाना घेतला असेल तर ते सॉफ्टवेअर पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याला असलाच पाहिजे. ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी आणि जुने परवाने विकणारी जर्मनीतली युजडसॉफ्ट यांच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी हेच सांगितलं. सीडी असो वा डाउनलोड, कायमच्या वापराची किंमत वसूल झाली की ती विक्रीच. पुढची विक्री कंपनीला अडवता येत नाही. अट एवढीच, की विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निकामी करायची. आपल्याकडे छोटी ऑफिसं बंद पडतात, महागडे परवाने धूळ खातात आणि नवीन मुलं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रती, शोधत बसतात. याला काय अर्थ आहे?

सेमीकोलन:
सहमत नाही. दाखला अर्धाच दिलात. एकगठ्ठा घेतलेल्या परवान्यातले काही वापरायचे आणि उरलेले तोडून विकायचे, हे चालणार नाही असंही त्याच निकालात आहे.

अमेरिकेत तर उलटंच ठरलं. टिमथी व्हर्नर ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर ऑटोकॅड रिलीज १४ ची, म्हणजे ऑटोडेस्क कंपनीच्या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची, जुनी खोकी विकत होता. माल अस्सल, एका आर्किटेक्ट फर्मकडून घेतलेला, सॉफ्टवेअर चालू करायचे कोड खोक्यांवर हाताने लिहिलेले. २०१० मध्ये अपील न्यायालय म्हणालं, फर्मकडे नुसता परवाना होता, मालकी नव्हती. मग व्हर्नरला ती कुठून मिळणार? अन्याय वाटेल, पण हिशेब बघा. नवा परवाना ३,७५० डॉलरचा असताना फर्मला ऑटोकॅड २००० चं अपग्रेड ४९५ डॉलरला मिळालं, ते जुन्या प्रती नष्ट करायच्या बोलीवर. सवलतही घ्यायची आणि जुनी खोकीही विकायची? मी छोट्या प्रॉडक्ट कंपनीत काम करतो. अपग्रेड स्वस्त देता येतं ते याच भरवशावर.

टीस्क्वेअर:
बोली फर्मने मोडली ना? मग दावा फर्मवर लावा. व्हर्नरने कुठल्या कागदावर सही केली होती? आणि ज्याने अपग्रेड घेतलंच नाही, सरळ धंदा गुंडाळला, त्याचं काय? करारात ‘परवाना’ लिहिलं, हस्तांतरावर आणि वापरावर बंधनं घातली, की त्या निकालाप्रमाणे तोही अडकला. पूर्ण किंमत मोजून!

कलम१४:
भारताचंही बघू. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रत आधी विकली गेली असली तरी पुढची विक्री हक्कदाराच्याच हातात ठेवणारे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीत ते काढले. त्यामुळे विकलेल्या प्रतीवरचा विक्रीचा हक्क संपतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ च्या इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस निकालात लावला. पण खटला आयकराचा होता, परदेशी कंपनीला दिलेले पैसे रॉयल्टी धरायचे का, असा. जुना परवाना विकणाऱ्याचं प्रकरण त्यात नव्हतं. तेव्हा बिल जपून ठेवा आणि विकण्याआधी करारातलं हस्तांतराचं कलम नीट वाचा.

सेमीकोलन:
कायदा बाजूला ठेवा. विकणाऱ्याने आपली प्रत खरंच उडवली, हे कोण तपासणार? जुनं पुस्तक विकलं की हातातून जातं, सॉफ्टवेअर जात नाही.

टीस्क्वेअर:
तुम्हीच तपासणार! कोड तपासून सॉफ्टवेअर चालू करणारा अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हर तुम्हा कंपन्यांचाच आहे. जुना कोड बंद करा, नव्या माणसाच्या नावाने दुसरा द्या, त्याची रास्त फी घ्या. चोरी पकडायला जी यंत्रणा चालते, ती हस्तांतराला का चालू नये?