उत्रेख्तचा 'द हार' : मध्ययुगीन किल्ला की श्रीमंताचा बंगला?

कालव्याकाठचा_पुणेकर : रविवारी नेदरलंड्समधल्या उत्रेख्तजवळच्या 'द हार'ला जाऊन आलो. खंदक, पूल, टोकदार बुरूज, सगळं झकास. पण या जागेचा पहिला उल्लेख १३९१ चा असला, तरी १४८२ मध्ये गढी जाळली गेली, पुन्हा उभी राहिली आणि शेवटी पार ढासळली. १८९० मध्ये बॅरन एतिएन फान झाउलनच्या वाट्याला आलं ते खिंडार! बायको रॉथ्सचाइल्ड या बड्या बँकवाल्या घराण्यातली, म्हणजे पैशाला तोटा नाही. १८९२ पासून वीस वर्षं बांधकाम, २०० खोल्या, ३० न्हाणीघरं, नळाला गरम पाणी, घरची वीज. कुठल्या सरदाराकडे होतं हे? याला मध्ययुगीन म्हणून खपवू नका. आपला शनिवारवाड्याचा नुसता चौथरा परवडला.

गडभटक्या : दादा, भिंती जवळून पाहिल्यात का? वास्तुकार काउपर्सने (अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमवालाच) नव्या बांधकामाला मुद्दाम वेगळी वीट वापरली. जुनी भिंत कुठे संपली ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. खपवायचं असतं तर विटा सारख्याच लावल्या नसत्या का? वर स्वतःचा छोटा पुतळाही एका कोपऱ्यात बसवलाय. बनावट माल करणारा सही करतो होय!

सुमन_ताई : विटांचं पुरे. बागेसाठी हारझाउलन्स हे अख्खं गाव हलवलं, जुन्या जागी देऊळ तेवढं राहिलं. देऊळ म्हणजे चर्च हो. नव्या घरांच्या झडपांनाही बॅरनच्या घराण्याचा लाल-पांढरा रंग. बागेत झाडं लावली तीही वाढलेलीच, कारण साहेबांना सावलीची घाई! ते सोडून तुम्ही वीट खरी की खोटी यावर भांडताय.

गडभटक्या : ताई, ते मान्य. पण २००० पासून वाडा एका न्यासाकडे आहे. तिकीट काढून कोणीही आत जातं, लग्नं लागतात, वसंतात एल्फियाच्या जत्रेला लोक पऱ्या-राक्षस बनून येतात. खिंडार ठेवलं असतं तर हे झालं असतं?

सुमन_ताई : आणि वर्षातला एक महिना? तेवढे दिवस तिथे राहायचा हक्क बॅरनच्या घराण्याने राखून ठेवला ना.

कालव्याकाठचा_पुणेकर : म्हणजे बंगलाच! मी वेगळं काय म्हणत होतो? विटांचं मात्र निसटलं खरं. बुरुजांकडे बघत फिरलो, भिंतीकडे लक्षच गेलं नाही. पुन्हा चक्कर मारावी लागणार.