फिबी ‘सेविका’ की ‘डीकन’?

बोरूबहाद्दर: संडेस्कूलसाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल फिबी नावाच्या बाईला किंख्रिया गावच्या मंडळीची (चर्चची) ‘दिआकोनोस’ म्हणतो; शब्द ग्रीक आहे. मी ‘सेविका’ लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणतात, वाचताना अंगणवाडी सेविका डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवा.

नगरी: येऊ दे की! गावात पोरांना खाऊ घालणारी तीच. आमच्या मंडळीत डीकनला, म्हणजे सेवेचं काम पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याला, डीकनच म्हणतात. आजीला सगळे ‘डीकनबाई’ म्हणायचे. आजारी माणसाच्या घरी भाकरीचं फडकं पोचवणं हे तिचं काम. प्रार्थना नंतर, आधी भाकरी.

शुद्धमती: मराठीत शब्द असताना इंग्रजी कशाला? ‘परिचारिका’ घ्या.

नगरी: म्हणजे फिबी नर्स?

ग्रीकवेडा: मुळात दिआकोनोस म्हणजे ताटं वाढणारा. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय ६ पाहा. विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, म्हणून सात जण निवडले. बायबलमधल्या काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण पाण्याने भरणारे नोकरही दिआकोनोसच. तेव्हा चोख मराठी शब्द: वाढपी. शिवाय हा शब्द ‘दिआ’ आणि ‘कोनिस’ मिळून झालाय, म्हणजे धुळीतून धावणारा!

शुद्धमती: ती व्युत्पत्ती रंजक आहे, पण वादग्रस्त. आणि फिबी ‘वाढपीण’? पंगतीत तूप वाढायला निघाल्यासारखी वाटते.

वसईकर: येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्रालाही असंच अवघडल्यासारखं झालं होतं. शब्द हलका वाटतो, यातच सगळं आलं. ‘निष्काम सेवा’ मात्र लिहू नका. लगेच गीता आठवते, आणि मुद्दा वेगळा आहे. इथे आधी मिळालेल्या प्रीतीची उतराई आहे.

शुद्धमती: उतराई म्हटली की परतफेड आली, मग निःस्वार्थ कशी? आणि ‘निष्काम’ कुणा एकाच्या मालकीचा शब्द नाही.

वसईकर: मालकीचं कोण बोललं? वासाचं बोलतोय. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबल मराठीत आणताना हेच पाहिलं: सोपी भाषा हवी आणि शब्दांना जुन्या पोथ्यांचा वास नको. १८९६-९७च्या दुष्काळातल्या मुलीबाळींना ज्यांनी घरात घेतलं, त्यांना सेवेची व्याख्या आपण शिकवायची?

मिरजमाई: मिरजेच्या मिशन दवाखान्यात (डॉ. वान्लेस यांचा, १८९४चा) माझी मावशी होती. रात्रपाळीहून आली की म्हणायची, “चार जणांची शुश्रूषा केली.” शब्द ‘शुश्रूषा’ आहे बरं का, ‘सुश्रुषा’ नव्हे! मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. रुग्णाचं ऐकून घेणं, तीच सेवा.

नगरी: आमच्याकडे सगळे ‘सुश्रुषा’च म्हणतात. रूढ झालं ते बरोबर.

शुद्धमती: रूढ चूक ही चूकच. उद्या ‘आशिर्वाद’ही चालवाल.

ग्रीकवेडा: ‘सेवा’ आणि ‘सेवन’ एकाच धातूचे. औषध सेवन करणारा आणि सेवा करणारा, गंमतच!

नगरी: ‘सेवानिवृत्त’ मग उपाशी म्हणायचा.

बोरूबहाद्दर: मंडळी, शुक्रवारी पानं छपाईला जाताहेत. फिबीचं काय करू?

ग्रीकवेडा: आधी हे बघा, पौलाने तिच्यासाठी वेगळं स्त्रीलिंगी रूप वापरलेलंच नाही. ‘सेवक’ लिहा.

शुद्धमती: फिबी ‘सेवक होती’? हे कुठलं मराठी?

मिरजमाई: मावशीला वॉर्डात सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. पौलही फिबीला आधी ‘आपली बहीण’ म्हणतो.

नगरी: ‘सिस्टर फिबी’! नर्सच झाली की शेवटी.