मदत हवी आहे : तापमानाने घट्ट होणारे जेल सशाच्या धमनीत सोडण्याआधी बाहेर कोणत्या चाचण्या कराव्यात?

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. थंड असताना पाण्यासारखे वाहणारे आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होऊन रक्तवाहिनी बंद करणारे जेल हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. यकृतातील गाठीचा रक्तपुरवठा तोडण्यासाठी किंवा आतला रक्तस्राव थांबवण्यासाठी सध्या जिलेटिन स्पंज, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे कण, धातूच्या कॉइल किंवा सायनोअ‍ॅक्रिलेटचा गोंद वापरतात. गोंद वापरताना कॅथेटरचे, म्हणजे रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळीचे, टोकच आत चिकटून बसण्याची भीती असते, तर ऑनिक्ससारख्या द्रवात डीएमएसओ हा रक्तवाहिनीला त्रासदायक ठरू शकणारा द्रावक लागतो. केवळ उष्णतेने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये या दोन्ही अडचणी टळतील, या आशेने मी हा विषय घेतला.

मी पोलोक्झॅमर ४०७ या उबेने घट्ट होणाऱ्या पॉलिमरचे २० टक्के द्रावण वापरते. ते थंड पाण्यात टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की नितळ होते. मात्र एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेतले तापमान ३४ अंशांपर्यंत जाते, त्यामुळे द्रावण सिरिंजमध्ये भरेपर्यंतच घट्ट होऊ लागले. म्हणून थोडे पोलोक्झॅमर १८८ मिसळून घट्ट होण्याचे तापमान वर नेले आणि आता सिरिंज बर्फाच्या डब्यातच ठेवते.

जनावर वापरण्याआधी मी बकऱ्याच्या गुर्द्यावर प्रयोग करत आहे. ओळखीच्या मटणाच्या दुकानातून पहाटे गुर्दे आणते. पहिल्या दिवशी धमनी अगदी मुळाशी कापलेली होती, त्यामुळे नळी बांधायला जागाच उरली नव्हती. आता ते दादा दोन बोटे धमनी राखून गुर्दा काढून देतात. सलाइनची बाटली गुर्द्यापासून १३६ सेंटिमीटर उंच टांगली की पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरइतका दाब मिळतो. सलाइन ३८ अंशांवर ठेवून त्यात निळा रंग मिसळलेले जेल सोडले, तेव्हा काही सेकंदांत प्रवाह थांबला. गुर्दा उभा चिरल्यावर निळ्या फांद्या सालीपर्यंत गेलेल्या स्पष्ट दिसल्या आणि मला फार आनंद झाला. पण दुसरा गुर्दा न चिरता तसाच चालू ठेवला, तर वीस मिनिटांनी शिरेतून निळसर पाणी ठिबकू लागले आणि तासाभरात प्रवाह जवळपास पूर्ववत झाला.

माझे प्रश्न दोन आहेत. जेल धमनीत अधिक काळ टिकावे यासाठी काय बदल करावा? आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे सशांसाठी अर्ज करण्याआधी बाहेरच्या कोणत्या चाचण्या पूर्ण असाव्यात? जे गुर्द्यावर कळू शकते त्यासाठी एकही ससा खर्ची पडू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (पशुवैद्यक, प्रायोगिक शस्त्रक्रिया)

ताई, आपण गुर्द्यापासून सुरुवात केलीत हे फार योग्य झाले. आपले जेल विरघळते आहे, ते मिश्रणातील चुकीमुळे नव्हे. या पोलोक्झॅमरचे रेणू ऊब मिळताच गोळे करून एकमेकांना खेटून बसतात, त्यांच्यात कायमचा बंध तयार होत नाही. बाजूने वाहणाऱ्या द्रवाने प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या खाली आले की जेल पुन्हा पातळ होते. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी काही मिनिटांपुरती बंद ठेवण्यासाठी हाच गुण उपयोगी पडला आहे. आपल्याला दिवसभर किंवा अधिक काळ बंद हवी असेल, तर टक्केवारी वाढवत बसण्यापेक्षा कायटोसान आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेटचे मिश्रण तपासावे. ते उबेने हळू घट्ट होते, त्यामुळे ते वाहून पुढे जाण्याचा धोका मात्र वाढतो आणि वेळ मोजणे अत्यावश्यक ठरते.

पुढचा प्रयोग सलाइनऐवजी सायट्रेट मिसळलेल्या रक्तावर करा. असे रक्त गोठत नाही, म्हणून प्रवाह थांबला तर तो जेलमुळेच थांबला हे निश्चित होते. शिरेतून येणारा द्रव बारीक जाळीतून गाळा. जाळीवर सापडलेला तुकडा जिवंत जनावरात थेट फुप्फुसात गेला असता. जेल मागे महाधमनीत परतते का तेही पाहा, कारण तसे झाले तर मागचे पाय निकामी होतात. क्ष-किरणांत दिसावे म्हणून आयोहेक्सॉल घालणार असाल, तर घट्ट होण्याचे तापमान नव्याने मोजा. शेवटी कॅथेटरची पूर्ण लांबी ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून जेल त्यातून ढकला, कारण शरीरातील कॅथेटरही तापतो आणि जेल टोकापर्यंत पोहोचण्याआधीच आत अडकते. आधी थंड सलाइन सोडून नळी गार करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सशांच्या बाबतीत तीन गोष्टी अर्जातच लिहाव्यात. सशाचे तापमान सुमारे ३८.५ ते ३९.५ अंश असते, पण भूल दिल्यावर ते झपाट्याने उतरते. गरम गादी आणि गुदद्वारातील तापमानाची नोंद नसेल, तर जेल घट्ट का झाले नाही हे कळणारच नाही. एक गुर्दा बंद केला तरी दुसरा काम सांभाळतो, म्हणून क्रिएटिनिन (गुर्द्याचे काम दाखवणारा रक्तातील घटक) ठीक आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही. अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण) आणि ऊतींची तपासणी हवीच. पोलोक्झॅमर ४०७ टोचल्याने उंदरांच्या रक्तातील चरबी खूप वाढते, म्हणून सशांतही चरबीचे आकडे आधी आणि नंतर मोजा. पहिली तुकडी भुलीतून बाहेर न आणण्याची ठेवली, तर त्यातल्या कोणत्याही जनावराला वेदना सोसाव्या लागणार नाहीत. शेळीवर जाण्याचा विचार असेल, तर मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची परवानगी लागते, हे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ती

सर, मनःपूर्वक आभार. क्रिएटिनिनवरच माझी सगळी भिस्त होती, ती आराखड्यातून काढली. आज रात्री जाळी बसवते आणि उद्या पहाटे गुर्द्यांबरोबर रक्तही मागते. सायट्रेट किती घालावे?

प्रतिसाद (पशुवैद्यक)

३.८ टक्के सोडियम सायट्रेटचा एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग. बाटलीत सायट्रेट घरूनच भरून न्या आणि रक्त थेट त्यात धरायला सांगा. नाहीतर दुकानातून प्रयोगशाळेपर्यंत येईतो ते गोठून जाईल.