शब्दचर्चा : गेममधल्या 'ईस्टर एग'ला मराठीत काय म्हणायचं?

रावपुरेकर :
मी मराठीत गेमप्लेचे व्हिडिओ करतो. आता फँटसी आरपीजींमध्ये (एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) करणाऱ्यांनी लपवून ठेवलेल्या गमतींवर एक मालिका करतोय. कॉमेंट्रीत दर मिनिटाला 'ईस्टर एग' म्हणून जीभ थकली. 'छुपा संदर्भ' म्हटलं की परीक्षेतला प्रश्न वाटतो, 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' टाइप. बोलताना सहज तोंडात येईल असा शब्द हवाय.

मकरपुरा :
गुपित. झालं काम.

कमाटीबाग काकू :
गुपित नको रे. गुपित फुटू नये म्हणून माणूस जपतो. तुमच्या गेमवाल्यांची सगळी धडपड ते कुणाला तरी सापडावं यासाठी असते. न सापडलेलं गुपित यशस्वी, आणि न सापडलेली ही गंमत वाया.

मकरपुरा :
मग मेख? 'त्यातली मेख त्यालाच कळली.'

कमाटीबाग काकू :
मेख म्हणजे फारसीतली खुंटी, खिळा. आपण 'मेख अशी आहे की' म्हटलं की ऐकणारा अडचणीसाठी कान टवकारतो. 'या गेममध्ये खूप मेखा आहेत' असं ऐकल्यावर कोणी तो विकत घेईल का?

दांडियाबाजार :
शब्द ठरवण्याआधी मूळ शब्द कुठून आला ते बघा, म्हणजे भांडण कमी होईल. १९८० साली अटारी कंपनीच्या २६०० या घरी खेळायच्या यंत्रावर 'ॲडव्हेंचर' हा गेम आला. किल्ले, चषक, तलवार, एक चोरटं वटवाघूळ आणि तीन ड्रॅगन (दिसायला बदकं, पण त्या काळच्या पोरांना घाम फुटायचा). अख्खा गेम एकट्या वॉरन रॉबिनेटनं लिहिलेला. अटारी तेव्हा प्रोग्रामरचं नाव कुठेही छापत नसे, आणि गेम कितीही खपला तरी त्याला पगारापलीकडे काही मिळत नसे. मग रॉबिनेटनं काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात ठिपक्याएवढी एक करडी वस्तू ठेवली. मागच्या रंगात ती मिसळून जाते, दिसत नाही. ती उचलून ठरावीक भिंतीपाशी आणली की पलीकडच्या खोलीत शिरता येतं, आणि तिथे उभ्या ओळीत झळकतं की हे वॉरन रॉबिनेटनं केलंय. कंपनीला हे कळलं ते एका शाळकरी मुलाच्या पत्रातून. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून मोकळा झाला होता. बाजारात गेलेल्या कार्ट्रिजमधलं (गेम ज्या डबीत येई ती) काही बदलणं म्हणजे भलताच खर्च. तेव्हा अटारीतल्या स्टीव्ह राइट यांनी सांगितलं, असू दे, ईस्टरला बागेत लपवलेली अंडी पोरं हुडकतात तसं हेही हुडकतील. म्हणजे नाव पडलं ते हुडकण्याच्या खेळावरून, लपवलेल्या वस्तूवरून नाही.

कमाटीबाग काकू :
मग याला आपल्याकडे सहाशे-सातशे वर्षं शब्द आहे! नाममुद्रा. 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी', 'नामयाची जनी'. अभंगावर वेगळं नाव घालायची सोय नव्हती, म्हणून करणाऱ्यानं ते ओळीतच विणलं.

मकरपुरा :
काकू, 'तुका म्हणे' तर शेवटच्या चरणात ढळढळीत असतं. यात लपवलं काय?

कमाटीबाग काकू :
लपवलेली नसते, मान्य. पण नाव काढायला गेलात तर अभंग मोडतो, आणि अटारीलाही ते नाव काढता आलं नाही. माझ्या मते 'गुप्त नाममुद्रा' म्हटलं तर रॉबिनेटची गोष्ट नेमकी बसते.

दांडियाबाजार :
बसते. 'विझर्ड्री' (१९८१) तर हक्कानं बसतो. त्यातला दुष्ट जादूगार वर्डना आणि सणकी राजा ट्रेबॉर. इंग्रजी अक्षरं मागून पुढे वाचली की अँड्र्यू आणि रॉबर्ट. करणारे दोघे कोण, तर अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड. लहानपणी 'च'ची भाषा बोललेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मला आवडतं ते हे की दोघांनी स्वतःला नायक केलं नाही. एक खलनायक झाला, दुसरा चक्रम.

रावपुरेकर :
नाममुद्रा घेतला. पण माझ्या यादीत सह्या थोड्याच आहेत. बाकीचं वेगळं आहे. उदाहरणार्थ 'मॉरोविंड' (२००२). पहिल्याच गावाबाहेर पडलात की किंकाळी ऐकू येते, आभाळातून एक जादूगार धप्पकन पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ त्यानंच शोधलेल्या मंत्राच्या गुंडाळ्या मिळतात. वाचलात की शेकडो फूट उंच उडी. उतरायचं कसं ते मात्र मंत्रात नाही. मंत्राच्या नावात इकारसचं नाव दडलंय, ग्रीक कथेतला, मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेला. याला नाममुद्रा कसं म्हणू?

कमाटीबाग काकू :
याला खूण म्हण. 'खूण पटणे' या क्रियापदात सगळं आलं, कारण पटायला आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं. समज, एखाद्या गेममधल्या गावात भाजीबाजार आहे आणि त्याची दर्शनी कमान हुबेहूब आपल्या खंडेराव मार्केटसारखी. बडोद्याचा माणूस तिथे थबकणार, पुण्याचा सरळ वांगी घेऊन पुढे जाणार. गेम दोघांचाही अडत नाही. माहीत नसलेल्याला काही चुकल्याचं जाणवूही नये, ही चांगल्या खुणेची अट.

मकरपुरा :
हे पटलं. माझ्याकडून एक, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये महागड्या पिशव्या विकणारी एक बाई आहे, हॅरिस पिल्टन. पॅरिस हिल्टनची आद्याक्षरं इकडची तिकडे. हीपण खूण का?

दांडियाबाजार :
ही खूणही आणि टोमणाही. पण असली नावं मला पचत नाहीत. दहा वर्षांनी ती बाई कोण हे विचारावं लागतं, मग हसू येत नाही. इकारस अडीच हजार वर्षं टिकलाय.

रावपुरेकर :
टोमण्यावरून आठवलं. काही गमती खेळणाऱ्यालाच उद्देशून असतात, त्यांना काय म्हणू? 'विचर ३' (२०१५) मधल्या गायी. सुरुवातीच्या गावात लोक गायी मारायचे, कातडी विकायचे, ध्यानाला बसून वेळ पुढे ढकलायचे, की गायी परत हजर. फुकटचा पैसा. कंपनीनं अपडेटमध्ये तिथे एक शिंगाळ राक्षस सोडला. फार गायी मारल्यात की तो येऊन तुम्हाला तुडवणार. आणि अपडेटच्या टिपणात त्याला भारदस्त नाव दिलं, गोवंश संरक्षण दल छापाचं. पुढे 'हार्ट्स ऑफ स्टोन' या त्याच गेमच्या विस्तारात करवसुलीवाला गाठून विचारतो, काय हो, ती कातडी विकून पैसे केले ते तुम्हीच ना?

मकरपुरा :
हाहा. करवाला भारी आहे. आमच्या ऑफिसात गुजराती मंडळी अशा वेळी 'ममरो मूक्यो' म्हणतात.

कमाटीबाग काकू :
ममरो मूकणं म्हणजे मधूनच एक बोल टाकून मजा बघत बसणं, ते थोडं वेगळं. इथे कोपरखळी. बाजूला बसलेल्याला हळूच कोपर लावायचं, समोरच्याला दिसता कामा नये. ज्यानं गायी मारल्याच नाहीत त्याला त्या करवाल्याचं बोलणं साधी चौकशी वाटेल. ज्यानं मारल्या त्याच्याच बरगडीत बसतं.

दांडियाबाजार :
कोपरखळीचा बादशहा म्हणजे 'एल्डर स्क्रोल्स'मधला माइक द लायर. नावातच खोटारडा. मांजरासारखा दिसणारा भटक्या, मॉरोविंड, 'ऑब्लिव्हियन' (२००६), 'स्कायरिम' (२०११) तिन्हींत भेटतो. काम काहीच देत नाही, नुसता बडबडतो. पण त्याची बडबड म्हणजे चाहत्यांच्या तक्रारींना कंपनीनं दिलेली उत्तरं. मॉरोविंडच्या वेळी लोक विचारत होते, मित्रांबरोबर एकत्र खेळता येईल का? माइकला विचारा, तो म्हणतो हा शब्द मला माहीत नाही, आणि मदतीला माणसं हवीत म्हणजे तू भित्रा.

रावपुरेकर :
आणि स्वीटरोल, तो गोड पाव? स्कायरिममधला पहारेकरी तोंड पाडून उभ्या खेळणाऱ्याला म्हणतो, थांब, ओळखतो, कोणीतरी तुझा स्वीटरोल पळवला. मॉरोविंडमध्ये पात्र घडवतानाच्या प्रश्नांत तो आहे, त्याच कंपनीच्या 'फॉलआउट ३' मध्ये वाढदिवसाला एक दांडगट पोरगा तोच मागतो. ही खूण, की कोपरखळी?

दांडियाबाजार :
दोन्ही नाही, ते पालुपद. कीर्तनकार फिरून फिरून त्याच ओळीवर येतो तसं. माझं सगळ्यात आवडतं पालुपद 'बाल्डर्स गेट'मधलं (१९९८). एका खानावळीत एक उमराव तुम्हाला धोबी समजतो आणि आपली सोनेरी विजार हातात कोंबतो. घालता येत नाही, कुठल्या कामाची नाही. बहुतेक जण विकून टाकतात. दुसऱ्या भागात (२०००) चंदेरी विजार सापडते, तीही बिनकामाची. आणि २००१ च्या शेवटच्या विस्तारात ब्राँझची. तिन्ही जपून एका भागातून दुसऱ्यात आणल्या असतील तर एक चिमुकला सैतान त्या जोडून अंगभर लोखंडी चिलखत करून देतो, कल्पनेच्या त्या जगात अजिबात न शोभणारं. तीन वर्षं एक विनोद ताणून धरायचा आणि विजार न विकलेल्यालाच शेवट दाखवायचा! इतका धीर आताच्या कंपन्यांत मला दिसत नाही.

रावपुरेकर :
मग कॉमेंट्रीत स्वीटरोलचं 'तुझी जिलबी कोणी पळवली' करू का? ऐकायला झकास वाटतं.

कमाटीबाग काकू :
कर की. हसतील लोक.

दांडियाबाजार :
नको, काकू. पालुपद बदललं की साखळी तुटते. आज जिलबी म्हणेल, उद्या फॉलआउटच्या व्हिडिओत त्याच पदार्थाला केक म्हणेल, मग ऐकणाऱ्याला दोन्ही एकच आहेत हे कळणार कसं? पण खुणेचं वेगळं, तिथे बदलायला वाव आहे, आणि जाणत्यांनी बदललेलंही आहे. पहिल्या 'फायनल फँटसी'त (जपानमध्ये १९८७) एल्फांच्या गावात एका थडग्यावर लिहिलंय की इथे लिंक चिरनिद्रा घेतोय. लिंक म्हणजे प्रतिस्पर्धी 'झेल्डा'चा नायक, त्याचं थडगं आपल्या गेममध्ये बांधलं. अमेरिकेतल्या आवृत्तीत थडगं तेच राहिलं, नाव मात्र एर्ड्रिक झालं. तो 'ड्रॅगन क्वेस्ट'चा पूर्वज-नायक, म्हणजे दुसरा प्रतिस्पर्धी. पुढच्या आवृत्त्यांत लिंक परत आला. थडग्यावर कोणीही प्रतिस्पर्धी चालतो, म्हणून हे जमलं. जिलबीचं तसं नाही.

कमाटीबाग काकू :
बरं, हा फरक मान्य. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' काढला, त्यात एका इंग्रजी शब्दासमोर वेगवेगळ्या भाषांतले शब्द शेजारी शेजारी लावले आहेत. तुम्ही तर एका मराठीतच चार रकाने केलेत.

मकरपुरा :
पाचवा रकाना, डायब्लोतली गाय. पहिल्या 'डायब्लो'त गावाबाहेरच्या गायीवर अमुक वेळा क्लिक केलं की गुप्त दरवाजा उघडतो अशी हूल उठली होती. नव्हता. कंपनीनं १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये एक चीट (टाइप करायचा गुप्त संकेत) ठेवला, त्याचे शब्दच 'गायींची लेव्हल नाही' असे. आणि २००० साली 'डायब्लो २' मध्ये खरंच केली! पहिल्या भागातल्या, आता मेलेल्या वर्ट नावाच्या पोराचा लाकडी पाय आणि गावी परतायच्या मंत्राची पोथी जादूच्या घनाकृती पेटीत एकत्र करा, दार उघडतं, आत दोन पायांवर चालणाऱ्या, परशू घेतलेल्या गायी. याला काय म्हणाल?

रावपुरेकर :
पुडी. चाहत्यांनी सोडलेली पुडी कंपनीनं खरी केली. एपिसोडचं नावच ठेवतो, 'पुडीची झाली गाय'.

मकरपुरा :
आणि 'एल्डन रिंग'मधल्या बड्या शत्रूंच्या नावांची भानगड? गॉड्रिक, रेनाला, राडान, मलेनिया... जी, आर, आर, एम. गेमची पूर्वकथा कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिली, म्हणून सही लपवली आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे नाममुद्रा.

दांडियाबाजार :
मार्टिननी स्वतः नाकारलंय, २०२२ मध्येच. गेमवर माझं नाव उघड छापलेलं असताना आत लपवू कशाला, असं त्यांचं म्हणणं. रॉबिनेटच्या वेळी नाव छापत नव्हते म्हणून तो खटाटोप होता, हे विसरून कसं चालेल?

कमाटीबाग काकू :
मग तो बादरायण संबंध. पाहुणा म्हणतो, तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक! बदरी म्हणजे बोर, त्यावरून बादरायण, आणि वर व्यासांचंही नाव तेच. तुमच्या गेमवाल्यांना शोभेल असा श्लेष आहे तो.

रावपुरेकर :
पहिल्या भागाचं वाक्य टाकतो, तपासा : 'विचर ३ मध्ये कंपनीने गायींवर कोपरखळी दिली आहे.'

कमाटीबाग काकू :
कोपरखळी मारतात, देत नाहीत. आणि गायींनी काय केलंय? मारली ती खेळणाऱ्यांना. 'गायी मारून पैसे करणाऱ्यांना कंपनीनं कोपरखळी मारली', असं म्हण. खूण मात्र ठेवतात आणि ती आपल्याला पटते. 'खूण दिली' असं कुठे म्हणू नकोस.

मकरपुरा :
आणि पुडी सोडतात. ती काकूंनी तपासायच्या आधीच बरोबर होती.